बिजागरीच्या बाजूची फट

लबीब तादरोसच्या दुकानात कुणी कॅमेरा घेऊन आलं, की त्याचा अंगठा आधी मागच्या झाकणाच्या खिट्टीवर जायचा. गिऱ्हाईक बिचारं सलाम करून अजून खुर्ची शोधतंय, तोवर ह्यानं झाकण उघडून कडेच्या खोबणीत नखसुद्धा फिरवलेलं असायचं. मग नख नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि म्हणायचा, "सडलंय."

"अरे, माणसाला बसू तरी दे!" मी समोरून ओरडायचे.

"तू तुझी बटणं सांभाळ, इहसान."

त्याच अंगठ्यानं एकदा एका नवरीच्या अख्ख्या लग्नाचं वाटोळं केलं होतं. फिल्म आतच होती आणि ह्यानं सवयीनं झाकण उघडलं. नवरीची आई चप्पल घेऊन धावली होती त्याच्या अंगावर, मीच मध्ये पडले. तरी मेली सवय काही गेली नाही.

मी इहसान. अत्तारीनच्या गल्लीत त्याच्या बरोब्बर समोर माझं दुकान. बटणं, दोरे, फिती, लोकर, अस्तराचं कापड. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळी गल्ली म्हणते. म्हणेना का. आमच्या गावात हातानं काम करणाऱ्या कुणालाही उस्ता म्हणतात, पण आमच्या गल्लीत नुसतं उस्ता म्हटलं की तो लबीब. आम्ही दोघं इथंच लहानाचे मोठे झालो, एकाच ट्रामच्या मागं लटकलो, त्यामुळे त्याला अरे-तुरे करण्याचा हक्क मला आहे आणि शिव्या घालण्याचाही.

त्याचं काम एकच. जुन्या कॅमेऱ्यात उजेड शिरतो, तो बंद करायचा. झाकणाच्या कडांना आत फोमच्या पट्ट्या असतात. समुद्राची ओल लागली की दहा-बारा वर्षांत त्यांची काळी काकवी होते, मग फटीतून उजेड जातो आणि फोटोवर पांढरा, नाहीतर तांबडा पट्टा उमटतो. लोक ते फोटो घेऊन यायचे. लबीब लांबूनच बघून सांगायचा, "खिट्टीची बाजू." नाहीतर, "बिजागरीची बाजू." मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं ती घाण काढायची, एकही कण आत पडू द्यायचा नाही, आणि नवं अस्तर घालायचं.

नवा फोम मात्र तो वापरायचा नाही. "फोम सडतो, इहसान. मेंढी सडत नाही." म्हणून वर-खालच्या खोबणीत माझ्याकडची काळी लोकर आणि बिजागरीच्या बाजूला मखमलीची फीत. लोकर घ्यायला आला की तासभर दारात उभा राहून धागा उन्हात धरून बघणार.

"लग्नाचा झगा शिवतोयस का रे? घे आणि चालता हो."

"उजेड आरपार दिसतोय यातून."

"तुझ्या डोक्यातूनही दिसतो, त्याला मी काय करू?"

त्याच्या कामाचा एक क्रम होता. आधी लोकर, मग खिट्टी, आणि बिजागरीची मखमल सगळ्यांत शेवटी. ती चिकटवून झाकणावर वजन ठेवून रात्रभर वाळू द्यायची. राजा जरी गिऱ्हाईक म्हणून आला तरी त्याला दुसऱ्या दिवशी यावं लागे. हा क्रम मी का सांगतेय ते कळेल.

त्याला एकुलता एक मुलगा, नसीम. वसंताच्या सणाला जन्मला. सगळं गाव खारवलेला मासा आणि कांद्याच्या पाती घेऊन बागेत गेलेलं आणि वदाद, लबीबची बायको, वर घरात कळा देत होती. पोरगा गोड होता. बापाच्या दुकानात स्टुलावर बसून राहायचा, बघत. पण हातात काही घेतलं की ते पडलंच. स्क्रू पडायचा, स्प्रिंग उडायची. लबीब खेकसायचा, "अरे, हात आहेत की पाय?"

गल्लीतल्या सगळ्यांनी हे ऐकलंय. पोरगा सोळाचा झाला, अठराचा झाला, सैन्यातली नोकरी पुरी करून आला, तरी बापाचं तेच. हात आहेत की पाय. नसीम हसायचा. हसायचा म्हणून मनाला लागत नसेल असं थोडंच आहे!

त्या काळी आमची पोरं इराकला जायची, बांधकामावर. गल्लीतून किती तरी गेली. नसीमनंही जायचं काढलं. लबीबला ते मान्य नव्हतं. दुकानातच जुंपली, मी समोरून सगळं ऐकलं. शेवटी लबीब म्हणाला, "जा. पण तिकडंही हातांऐवजी पाय असलेली माणसं नको असतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे नसीम गेला. जाताना फळीवरचा एक कॅमेरा घेऊन गेला. लबीबचा स्वतःचाच होता तो. समोरचं चामडं फाटलं होतं म्हणून माझ्या जुन्या तपकिरी पर्सचा तुकडा लावलेला. नसीमचा त्याच्यावर लहानपणापासून डोळा होता. पण त्याचं काम अर्धं झालेलं. लोकर घातली होती, खिट्टी झाली होती. बिजागरीची बाजू खरवडून मोकळी ठेवलेली, कारण मखमल त्या दिवशी लागायची होती. मी कापून दिलेली फीत टेबलावर तशीच पडली होती. ती लबीबनं टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि तिथंच राहू दिली.

कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडं नसीमचे दोन-तीनदा फोन आले. दर वेळी आईशीच बोलला. कॅमेऱ्याचं काही नाही. मग तिकडं युद्ध पेटलं. आमची माणसं वाळवंटातून हजारोंनी परत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. वदाद रोज स्टेशनवर जायची, येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. नसीम आला नाही. मेल्याचंही कुणी सांगितलं नाही.

माझा नवरा मेला तेव्हा मी रडले, मोकळी झाले. ह्या दोघांना ते सुखही नव्हतं. वदादनं खाली दुकानात येणं सोडलं. वर घरात बसायची, रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. तिच्याकडं नसीमचे फोटो होते ते सैन्यात जाईपर्यंतचे. ती मला विचारायची, "इहसान, त्यानं मिशा ठेवल्या असतील का गं?" "केस बापासारखे गेले असतील का?" तिला बाकी काही नको होतं. तिकडं गेल्यावर तो कसा दिसायचा तेवढं एकदा बघायचं होतं. मी काय सांगणार! म्हणायचे, "मिशा शोभतील त्याला."

आणि लबीब? त्यानं मुलाचं नाव घेणंच टाकलं. पण चहा पिता पिता मध्येच म्हणायचा, "त्या कॅमेऱ्याची बिजागरीची बाजू उघडी राहिली, इहसान." वर्षानुवर्षं हे एकच वाक्य. "पोरगं फोटो काढत असेल आणि सगळ्यांवर पट्टा येत असेल. मनात म्हणत असेल, बापाला एवढंही जमलं नाही." मला त्याचा राग यायचा आणि मग घरी जाऊन रडू यायचं. दुसऱ्यांचे कॅमेरे मात्र तो आता बिजागरीच्या बाजूला दोनदा तपासायचा.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. लोकांनी कॅमेरे कपाटात टाकले. पुढं शिकलेली पोरंपोरी तेच कॅमेरे हौसेनं बाहेर काढू लागली आणि लबीबची फळी पुन्हा भरली. माझीही लोकर खपू लागली.

एका थंडीच्या सकाळी दमन्हूर गावाकडची एक बाई माझ्या दारात आली. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. म्हणाली, "इथं कॅमेरे दुरुस्त करणारा कुणी आहे का, ज्याचा मुलगा इराकला गेला होता?"

माझ्या हातातली बटणांची पेटी सांडली. तिला मी दंडाला धरूनच समोर नेलं.

बाईचं नाव इन्साफ. तिचा बाप, हाजी अब्दुस्सत्तार, गवंडी, नसीमबरोबर एकाच कामावर होता. दोघं बरोबरच निघाले होते. वाळवंटात, सरहद्दीवरच्या तंबूंत हजारो माणसं, पाण्याच्या गाडीमागं झोंबाझोंबी. इन्साफ मान खाली घालून सांगत होती, "नसीम माझ्या बापाला म्हणाला, 'हाजी, हा जरा धर, पाणी घेऊन आलोच.' आणि गेला. बाप दोन दिवस तिथंच बसून राहिला. मग त्याला ट्रकमध्ये घातलं. तुमच्यापुढं कुठल्या तोंडानं येऊ म्हणायचा. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी जाईन. आता गेल्या महिन्यात वारला. जाताना म्हणाला, पोहोचव."

तिनं फडकं सोडलं. माझ्या तपकिरी पर्सचा तुकडा मी लांबून ओळखला.

लबीबनं कॅमेरा उचलला आणि त्याचा अंगठा सवयीनं खिट्टीवर गेला. अंगठा तिथंच थांबला. मग त्यानं दुसऱ्या हातानं फिल्म गुंडाळायची कळ हळूच फिरवून बघितली. थोडी फिरली आणि अडली.

"आत फिल्म आहे," तो म्हणाला.

इन्साफला आम्ही चहा पाजला, जेवायला थांब म्हणालो, ती थांबली नाही. ती गेल्यावर लबीबनं कॅमेरा त्याच फडक्यात बांधला आणि सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिला.

"हे काय?" मी म्हणाले.

"काही नाही. राहू दे."

"फिल्म धुणार नाहीस?"

"काय धुऊ? बिजागरी उघडी होती. तिकडचं ऊन, आणि वर ही इतकी वर्षं. सगळी जळून गेली असेल. कोरी काळी पट्टी निघेल."

"आणि नसली जळली तर?"

"जळलीच असणार. मला माझं काम माहीत आहे." त्याचा आवाज चिरकला. "उघडली नाही तोवर आत काहीतरी आहे, इहसान. उघडली की तेही नाही."

"म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची? लोणचं घाल मग त्याचं! बरणीत भर आणि वर लिंबू पिळ!"

"तुला कळायचं नाही."

"आणि वदादला? तिला कळायचं की नाही?"

"तिला एक अक्षर बोलू नकोस. शपथ आहे."

शपथ त्यानं घातली होती, मी घेतली नव्हती. तरी आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसले. कधी नव्हे ते! वदादसाठी शिजवलेल्या बाकल्याची उसळ घेऊन वर जायचे, ती त्यात जिरं-लिंबू घालून कालवायची आणि विचारायची, "इहसान, आता तर त्याचे केसही पिकले असतील, नाही का गं?" सातव्या की आठव्या दिवशी मी हातातला पाव खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्याची शपथ गेली खड्ड्यात. आई होती ती.

वदाद रडली नाही. उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि जिना उतरू लागली. गुडघे धरून, एकेक पायरी. इतक्या वर्षांनी ती दुकानात शिरली आणि नसीमच्या स्टुलावर बसली.

"अबू नसीम," ती म्हणाली, नसीमचा बाप म्हणून ती त्याला हीच हाक मारायची, "उघडा."

लबीबनं माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर मेलीच असती. "खराब झालीय ती, वदाद. आत काही नाही."

"खराब असली तरी माझी आहे. उघडा."

फिल्म वाळून कडक झाली होती. कळ जोरात फिरवली असती तर तुटली असती. तेव्हा झाकण अंधारातच उघडायचं होतं. त्यासाठी त्याच्याकडं एक पिशवी होती, मीच शिवलेली. काळ्या अस्तराचे दोन थर आणि हात घालायला दोन बाह्या, कोपराशी घट्ट रबर. त्यानं कॅमेरा आणि फिल्म धुवायचा डबा आत ठेवला, पिशवीची कड बंद केली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. फिल्म डब्यात जाऊन झाकण लागेपर्यंत हात बाहेर काढायचे नाहीत.

कापडाआड खिट्टीचा खट्ट आवाज झाला. मग काहीच नाही. पिशवी हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब." त्याचे डोळे आमच्याकडं होते पण बघत नव्हते. "बिजागरीच्या बाजूला काहीतरी आहे."

"काय आहे?"

"लोकरीचं आहे. पण धागा नाही. विणलेलं." पिशवीत त्याची बोटं हळूहळू सरकत होती. "पट्टी कापलीय. उसवू नये म्हणून कडा शिवल्यात. बारीक टाका आहे."

वदाद पुढं वाकली. "वीण कशी आहे? एक सुलट, एक उलट?"

"हो."

"मोजा आहे तो. काळा. मी विणून दिला होता त्याला, इहसानच्या लोकरीचा." मग ती घाबरल्यासारखी म्हणाली, "मग पायात काय घातलं असेल त्यानं? वाळवंटात थंडी पडते म्हणतात!"

लबीब वरून खाली, खालून वर, पुन्हा पुन्हा तीच पट्टी चाचपत राहिला. "टोकं आत दुमडलीत," तो म्हणाला. "मी दुमडतो तशी. मी कधी सांगितलं नव्हतं त्याला. बघून शिकला." त्याचा चेहरा एकदम कोसळला. "हात होते गं त्याला. हात होते पोराला."

आणि तो रडायला लागला. एवढा बाप्या, डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहतंय, आणि पुसता येत नाही, कारण दोन्ही हात पिशवीत. मी पुसायला फडकं शोधत बसले, वदाद मात्र उठली. डोक्याचा रुमाल सोडला आणि लहान पोराचं पुसावं तसं त्याचं नाक पुसलं.

"शिंकरा," ती म्हणाली.

तो शिंकरला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मीही रडले. मग लबीबनं फिल्म डब्यात भरली. ती तुटली नाही.

दुपारी मागच्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, त्यानं फिल्म धुऊन फोटो छापले. दाराबाहेर आम्ही दोघी. एकेक फोटो ओला, चिमट्यात धरून बाहेर यायचा. सगळ्यांवर धुरकट पडदा होता. इतकी जुनी फिल्म, तो येणारच. पण पट्टा नव्हता. एकाही फोटोवर पट्टा नव्हता. लबीब प्रत्येक फोटोची बिजागरीकडची कड खिडकीपाशी नेऊन बघायचा आणि मगच वदादच्या हातात द्यायचा.

परांचीवर चढलेले गवंडी. विटांच्या चुलीवर किटली. कलिंगडं विकणारा म्हातारा. हातात थापी घेऊन दात काढणारा एकजण, तो बहुतेक हाजी अब्दुस्सत्तार. नंतर तंबू, तंबू आणि तंबू.

वदाद प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ न्यायची. "हा कोण? आणि हा? माझा कुठाय?"

तिला कोण सांगणार?

"कॅमेरा त्याच्या हातात होता, वदाद," शेवटी लबीबच म्हणाला. "ज्याच्या हातात कॅमेरा, तो फोटोत नसतो."

"एकदासुद्धा कुणाला म्हणाला नाही, माझा काढ म्हणून?"

"मीच सांगितलं होतं त्याला. कॅमेरा कधी दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही." हे म्हणताना त्याला आणि मला एकदमच आठवलं, शेवटी तो कुणाच्या हातात दिला होता ते. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

शेवटचा फोटो तो आत बराच वेळ धरून बसला. मग आणून वदादच्या मांडीवर ठेवला.

त्यात कुणीच नव्हतं. नुसती वाळू, आणि वाळूवर फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली. पाय जुळवलेले, कोपरं अंगाशी चिकटवून धरलेली, कॅमेरा हलू नये म्हणून लबीब धरतो तशी. सूर्य मावळत असणार, सावली लांबच लांब पडली होती, काठीसारखी.

वदादनं फोटोवर हात ठेवला. डोक्यापासून पायापर्यंत बोट फिरवलं, सावकाश, आणि पुन्हा फिरवलं. आता ही रडेल म्हणून मी तिच्या खांद्याला धरलं.

"बघा तरी," ती म्हणाली, "केवढा वाळलाय!"

संध्याकाळच्या उन्हात कुणाचीही सावली अशीच पडते. मला एवढं कळतं, मग ज्याचा जन्म उजेडाशी भांडण्यात गेला त्याला कळत नसेल? लबीबनं तोंड उघडलं. परत मिटलं. मग तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि तोही बघू लागला.

"हो," तो म्हणाला. "तिकडचं अन्न त्याला मानवलं नसणार."